गेम-प्रकाशकाने हँडहेल्डसाठीच्या लिनक्स-आधारित प्रणालीला पाठबळ दिले, तर खेळणाऱ्याच्या हाती नेमके काय येते?

सांजखेळ (प्रश्न)

हातात धरून खेळता येणाऱ्या पीसींसाठी, म्हणजे ज्यांना आपण सर्रास हँडहेल्ड म्हणतो त्यांच्यासाठी, प्लेट्रॉन ही कंपनी लिनक्सच्या (विंडोजला पर्याय असलेल्या, कोणालाही वापरता-बदलता येणाऱ्या मुक्त प्रणालीच्या) पायावर एक ऑपरेटिंग सिस्टम तयार करते. या कंपनीत स्क्वेअर एनिक्स या जपानी प्रकाशकाने गुंतवणूक केल्याची बातमी बहुतेकांच्या वाचनात आली असेल. सॅमसंगच्या गुंतवणूक विभागाचा पैसा या कंपनीत आधीपासून आहे. तिचे प्रमुख कर्ट मॅकमास्टर हे पूर्वी अँड्रॉइडची स्वतंत्र आवृत्ती काढणाऱ्या सायनोजेन कंपनीचे सहसंस्थापक होते. एका स्टोअरला बांधील न राहता स्टीम, एपिक आणि जीओजी या तिन्ही ऑनलाइन स्टोअरमधले गेम एकाच पडद्यावरून सुरू करून देणारी प्रणाली बनवणे, हा कंपनीचा जाहीर हेतू आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्हचे स्टीम डेक हे हँडहेल्ड ग्राहकांच्या हाती पडू लागले, तेव्हापासून लिनक्सवर विंडोजचे गेम खेळणे ही हौशी लोकांपुरती गोष्ट उरलेली नाही, हे मला मान्य आहे. मात्र आजवर या सगळ्या प्रयत्नामागे उभी राहिलेली संस्था म्हणजे व्हॉल्व्ह, ही स्टीम हे स्टोअर चालवणारी कंपनी होती. गेम प्रसिद्ध करणारी कंपनी स्वतः अशा प्रणालीच्या मागे उभी राहते, तेव्हा तिचे गणित काय असते, हे मला समजून घ्यायचे आहे. तिचे स्वतःचे गेम त्या प्रणालीवर अधिक चांगले चालतील, असे गृहीत धरता येते का? असे पाठबळ मिळालेली प्रणाली काही वर्षांनी त्या प्रकाशकाच्या सोयीने वळवली जाण्याचा धोका कितपत खरा आहे? आणि ज्या कामामुळे लिनक्सवर गेम चालतात, त्या मूळ मुक्त प्रकल्पांपर्यंत या पैशाचा काही भाग पोहोचतो का?

मी पुढच्या वर्षभरात हँडहेल्ड घेण्याच्या विचारात आहे आणि माझे गेम दोन वेगवेगळ्या स्टोअरमध्ये विभागलेले आहेत, त्यामुळे प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ज्यांनी या विषयाचा नीट अभ्यास केला आहे त्यांनी सविस्तर लिहिले, तर फार उपयोग होईल.

वहीखाते

आधी प्रकाशकाचे गणित पाहू, कारण बाकीचे बरेचसे त्यातून उलगडते.

पीसीवर गेम विकणाऱ्या मोठ्या प्रकाशकासाठी स्टीम ही टाळता न येणारी बाजारपेठ आहे. तिथे विक्रीतला ३० टक्के वाटा स्टोअरला जातो. एखाद्या गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की त्यापुढच्या रकमेवर हा वाटा २५ टक्के होतो आणि ५ कोटी डॉलरच्या पुढे २० टक्के. एपिकच्या स्टोअरचा वाटा १२ टक्के आहे, आणि जून २०२५ पासून प्रत्येक गेमच्या वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरवर तोही घेतला जात नाही. कागदावर प्रकाशकाने एपिककडे धाव घ्यायला हवी, आणि काही काळ तसे घडलेही. स्क्वेअर एनिक्सचेच उदाहरण घ्या. ‘फायनल फँटसी ७ रीमेक’ची पीसी आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये एपिकवर आली आणि स्टीमवर यायला जून २०२२ उजाडले. पण खेळणाऱ्यांची वर्षानुवर्षांची खरेदी, मित्रांच्या याद्या आणि सवयी स्टीमवर आहेत, त्यामुळे वाट्यातल्या फरकाने ग्राहक हलले नाहीत.

हँडहेल्डवर तर स्टीमची पकड आणखी घट्ट होते. स्टीम डेक सुरू केले की समोर येतो तो स्टीमचाच पडदा. दुसऱ्या स्टोअरचे गेम खेळायचे तर डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन हिरोइक किंवा लुट्रिससारखे स्वयंसेवकांनी बनवलेले लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारे प्रोग्राम, बसवावे लागतात, आणि एपिकने लिनक्ससाठी स्वतःचे लाँचर आजवर काढलेले नाही. व्हॉल्व्हने कोणाला अडवले आहे असे मी म्हणत नाही, कारण दार उघडेच आहे. तरीही ज्या यंत्रावर पहिला पडदा एका स्टोअरचा असतो, त्या यंत्राचा बहुतेक मालक तिथेच खरेदी करतो. मे २०२४ मध्ये स्क्वेअर एनिक्सने जी तीन वर्षांची योजना मांडली, तिच्यात एकाच कन्सोलला बांधून न घेता अनेक मंचांवर गेम आणण्यावर भर होता. असे धोरण ठरवलेल्या प्रकाशकाला, पहिला पडदा कोणाच्याही मालकीचा नाही अशी एखादी प्रणाली टिकून राहावी असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. ती प्रणाली प्रचंड यशस्वी झाली नाही तरी चालते. ती अस्तित्वात असणे एवढेच स्टोअरशी बोलणी करताना उपयोगी पडते.

व्हॉल्व्हने स्वतः नेमके याच कारणासाठी लिनक्सकडे पाऊल टाकले होते. २०१२ मध्ये व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी विंडोज ८ हे पीसी क्षेत्रातल्या सर्वांसाठी संकट असल्याचे म्हटले, कारण त्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे स्टोअर येत होते. डिसेंबर २०१३ मध्ये डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीवर आधारलेली व्हॉल्व्हची पहिली स्टीम ओएस आली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांची स्टीम मशीन बाजारात आली. ती चालली नाहीत. लिनक्ससाठी खास बांधलेले गेम पुरेसे नव्हते आणि मोठे प्रकाशक आपले गेम लिनक्सवर आणायला तयार नव्हते. प्रणाली होती, यंत्रे होती, गेम नव्हते. म्हणूनच प्रकाशकाने प्रणालीला दिलेल्या पैशापेक्षा त्याच्याकडे गेम आहेत, ही गोष्ट मला अधिक वजनदार वाटते. त्याने गेमची बाजू सांभाळली नाही, तर पैशाने काही होणार नाही.

व्हल्कनमार्ग

वहीखाते यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून पुढे जातो. ‘गेमची बाजू सांभाळणे’ म्हणजे प्रत्यक्षात काय, हे तांत्रिक बाजूने सांगितल्याशिवाय सांजखेळ यांच्या दुसऱ्या आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

लिनक्सवर विंडोजचा गेम चालतो तो एकावर एक रचलेल्या थरांमुळे. गेमच्या लगेच खाली वाइन आहे, ज्याचे काम १९९३ पासून चालू आहे. गेम विंडोजकडे जी मागणी करतो, तिला वाइन लिनक्सच्या भाषेत उत्तर देते. त्याच्या जोडीला डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉन हे दोन प्रकल्प आहेत. डायरेक्ट३डी हा विंडोजचा ग्राफिक्ससाठीचा आज्ञासंच आहे. पहिला प्रकल्प त्याच्या ११ पर्यंतच्या आणि दुसरा १२ व्या आवृत्तीच्या आज्ञा व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या आज्ञासंचात बदलतो. व्हॉल्व्हने वाइनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्स कंपनीच्या सोबतीने हे सगळे एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन या नावाने जाहीर केले. त्याखाली मेसा या मुक्त प्रकल्पातले ग्राफिक्स ड्रायव्हर आहेत. एएमडीच्या चिपसाठी शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) झपाट्याने तयार करणारा एसीओ हा कंपायलर व्हॉल्व्हच्या खर्चाने लिहिला गेला आणि मेसात सामील झाला. त्याच्याही खाली कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा आहे. विंडोजचे गेम एकाच वेळी अनेक घटनांची वाट ज्या पद्धतीने पाहतात, ती पद्धत लिनक्समध्ये नव्हती. त्यासाठी ५.१६ व्या कर्नलमध्ये एक नवी सोय आली, आणि पुढे २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ६.१४ मध्ये याच कामासाठीचे एनटीसिंक पूर्णत्वास गेले.

यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा मुक्त आहे. त्यामुळे प्लेट्रॉन असो, की बॅझाइट आणि कायमेरा ओएस या स्वयंसेवकांच्या प्रणाली असोत, व्हॉल्व्हच्या पैशाने झालेले काम सर्वांना विनामूल्य मिळते. प्लेट्रॉनची प्रणाली फेडोरा या लिनक्सच्या आवृत्तीच्या पायावर आहे, स्टीम ओएस ३ आर्च या दुसऱ्या आवृत्तीच्या पायावर आहे, पण गेम चालवणारे थर दोन्हीकडे तेच आहेत. म्हणून एखाद्या प्रकाशकाने एका कंपनीत पैसे गुंतवले की त्या प्रणालीवर गेमचा वेग वाढेल, ही अपेक्षा सोडून द्यावी. वेग ठरवणारे काम वेगळ्याच ठिकाणी होते. कंपनीकडे आलेला पैसा बहुतांशी यंत्रागणिक कराव्या लागणाऱ्या कामावर खर्च होतो. प्रत्येक हँडहेल्डची बटणे वेगळ्या प्रकारे जोडलेली असतात, वीज किती खर्च करायची याची मर्यादा बदलण्याची रीत वेगळी असते, झोपेतून उठताना कधी ध्वनी बंद पडतो तर कधी वायफाय. हे काम कंटाळवाणे आहे, पण हँडहेल्ड कन्सोलसारखे वागते की छोट्या लॅपटॉपसारखे, हे त्यावरच ठरते. हे काम करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे.

आता गेमच्या बाजूकडे येतो, आणि इथे मी एकाच उदाहरणावर थोडा रेंगाळणार आहे, कारण जपानी प्रकाशकांच्या संदर्भात ते फार महत्त्वाचे आहे. अनेक गेममध्ये कथानकाची दृश्ये आधीच चित्रित करून व्हिडिओच्या रूपात ठेवलेली असतात आणि ती दाखवण्याचे काम विंडोजच्या मीडिया फाउंडेशन या घटकावर सोपवलेले असते. त्या व्हिडिओंची स्वरूपे पेटंटने बांधलेली असल्याने प्रोटॉनसोबत त्यांचे डिकोडर सरसकट वाटता येत नाहीत. यावर व्हॉल्व्हने काढलेला मार्ग असा की असे व्हिडिओ मुक्त स्वरूपात बदलून ते स्टीमच्या सर्व्हरवरून, तयार शेडरच्या साठ्यासोबतच, खेळणाऱ्याच्या यंत्रावर पाठवायचे. जिथे बदललेला व्हिडिओ उपलब्ध नसतो, तिथे दृश्याच्या जागी रंगीत पट्टे दिसतात. आता विचार करा, तोच गेम तुम्ही दुसऱ्या स्टोअरमधून घेतलेला आहे आणि स्टोअर-निरपेक्ष प्रणालीवर चालवत आहात. स्टीमच्या सर्व्हरवरून येणारा तो व्हिडिओ तुमच्यापर्यंत येतच नाही. समाजातल्या लोकांनी बांधलेल्या प्रोटॉन-जीईसारख्या आवृत्त्या ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात, परंतु पेटंटची चिंता करावी लागणाऱ्या कंपनीला तो रस्ता तितका मोकळा नसतो.

शेडरच्या बाबतीतही हेच आहे. सगळ्या स्टीम डेकमधली ग्राफिक्सची रचना एकसारखी असल्याने व्हॉल्व्ह आधीच तयार केलेले शेडर वाटू शकते आणि पहिल्या खेळीतले अडखळणे टळते. नोव्हेंबर २०२२ मधल्या डीएक्सव्हीके २.० पासून शेडरचे तुकडे आधी तयार ठेवून नंतर जोडण्याची पद्धत आली आणि हा त्रास कमी झाला, तरी डायरेक्ट३डी १२ च्या जड गेममध्ये तयार साठ्याचा फायदा आजही जाणवतो. म्हणजे स्टीम ओएसचा एक भाग तुमच्या यंत्रावर नसतो, तो स्टोअरच्या सर्व्हरवर असतो. स्टोअरला न बांधलेल्या प्रणालीसमोरची ही खरी अडचण आहे आणि जाहिरातीत ती दिसत नाही.

याच ठिकाणी प्रकाशक मनात आणले तर पुष्कळ करू शकतो. दृश्यांचे व्हिडिओ सुरुवातीपासूनच मुक्त स्वरूपात ठेवणे त्याच्या हातात आहे. गेम सुरू होण्याआधी शेडर तयार करून घेणारा टप्पा गेममध्येच ठेवणे त्याच्या हातात आहे. स्वतःचे वेगळे लाँचर गेमच्या आधी उघडण्याचा आग्रह सोडणे तर पूर्णपणे त्याच्या हातात आहे. माउसशिवाय न चालणारी ती खिडकी लहान स्पर्शपडद्यावर फार त्रास देते. यातल्या कशासाठीही कोणत्याही कंपनीत समभाग घ्यावे लागत नाहीत. त्यामुळे एखाद्या प्रकाशकाचे पाठबळ किती खरे आहे हे मी त्याच्या पुढच्या गेमच्या फाइली पाहून ठरवीन.

कुलूपकिल्ली

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण एका विषयाला अजून कोणी हात घातलेला नाही. ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या गेमसाठी अँटी-चीट, म्हणजे खेळातली फसवणूक पकडणारी प्रणाली, हा सर्वांत मोठा अडसर आहे आणि त्याची किल्ली थेट प्रकाशकाकडे असते.

सप्टेंबर २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटल-आय या दोन्ही प्रणालींनी प्रोटॉनवर चालण्याची सोय जाहीर केली. ती सोय आपोआप लागू होत नाही, प्रत्येक गेमच्या निर्मात्याने ती स्वतः चालू करावी लागते. ‘एपेक्स लेजंड्स’मध्ये ती २०२२ च्या सुरुवातीपासून चालू होती, मात्र ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस त्याच्या प्रकाशक ईएने लिनक्सवरून येणाऱ्या सर्व खेळाडूंचा प्रवेश बंद केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘जीटीए ऑनलाइन’मध्ये बॅटल-आय आले आणि स्टीम डेकवरून तो ऑनलाइन खेळता येईनासा झाला, वास्तविक बॅटल-आय प्रोटॉनवर चालू शकते. ‘फोर्टनाइट’ तर लिनक्सवर कधी आलाच नाही. आदल्या दिवशी चालणारा गेम दुसऱ्या दिवशी बंद पडतो आणि प्रणाली बनवणाऱ्याला त्यात काहीही करता येत नाही.

प्रकाशकांची भीती निराधार आहे असे मी मानत नाही. विंडोजवर आजच्या कडक अँटी-चीट प्रणाली कर्नलच्या पातळीवर चालतात. लिनक्सवर त्या वापरकर्त्याच्या पातळीवर चालतात आणि कर्नल तर कोणीही बदलून बांधू शकतो, त्यामुळे खाली बसलेली फसवणूक वरून पाहणाऱ्याला दिसत नाही. यावर तांत्रिक उपाय आहे. प्रणालीचा मूळ भाग न बदलता येणारा ठेवायचा, तो स्वाक्षरीत करायचा आणि सुरू होताना टीपीएम या यंत्रातल्या सुरक्षा-चिपच्या साहाय्याने मोजमाप घेऊन, यंत्रावर नेमकी तीच प्रणाली चालू आहे याची खात्री गेमच्या सर्व्हरला पटवून द्यायची. फेडोराच्या ‘अ‍ॅटॉमिक’, म्हणजे मूळ भाग न बदलता येणाऱ्या, आवृत्त्यांवर बेतलेल्या प्रणालींमध्ये याची पूर्वतयारी बऱ्यापैकी आहे.

सांजखेळ यांनी प्रणाली प्रकाशकाच्या सोयीने वळण्याबद्दल विचारले आहे, आणि मला त्याचे उत्तर इथे दिसते. अशी खात्री द्यायची म्हणजे ज्याने आपल्या यंत्रात स्वतःचा कर्नल बसवला आहे त्याला बाहेर ठेवायचे. लिनक्सचा कर्नल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. तिच्यानुसार मूळ कोड द्यावा लागतो, पण बदललेला कर्नल त्याच यंत्रावर चालू द्यावा अशी सक्ती तिसऱ्या आवृत्तीइतकी स्पष्ट नाही. स्वाक्षरी तपासणारी पायरी खेळणाऱ्याला स्वतःच्या इच्छेने, फक्त त्या गेमपुरती चालू करता येत असेल, तर मला ती मान्य आहे. यंत्र विकतानाच ती कायमची चालू असेल आणि बंद करता येत नसेल, तर ते यंत्र माझ्या दृष्टीने दुसरे कन्सोल झाले. गुंतवणूकदार प्रकाशक या दोहोंतले काय मागतो, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवे.

सांजखेळ

सर्वांचे आभार. व्हिडिओ आणि शेडरचा काही भाग स्टोअरच्या सर्व्हरवरून येतो, ही बाब माझ्या मुळीच लक्षात आली नव्हती, आणि माझे निम्मे गेम स्टीमबाहेरचे असल्याने ती माझ्यासाठी निर्णायक ठरू शकते. आता एवढेच विचारतो की उद्या ही गुंतवणूक घेतलेली कंपनीच बंद पडली, तर तिच्या प्रणालीवर चालणाऱ्या यंत्राचे काय होते? आणि ब्लॉकचेनशी या कंपनीचा संबंध आहे असे जे बोलले जाते, त्याचा खेळणाऱ्यावर काही परिणाम होतो का?

जुनेवळण

या दोन्ही प्रश्नांविषयी मला आस्था आहे, म्हणून लिहितो.

ब्लॉकचेनशी संबंध आहे, आणि तो लपवलेलाही नाही. प्लेट्रॉनच्या सुरुवातीच्या गुंतवणूकदारांत क्रिप्टो क्षेत्रातला पॉलिचेन हा निधी आहे, आणि तिची प्रणाली घेऊन आलेले सुईप्ले०एक्स१ हे हँडहेल्ड सुई या ब्लॉकचेनच्या निर्मात्यांसोबत काढलेले आहे. स्क्वेअर एनिक्सलाही या क्षेत्रात रस होता आणि कंपनीच्या तत्कालीन अध्यक्षांनी जानेवारी २०२२ च्या पत्रात तो उघडपणे मांडला होता. म्हणून हा व्यवहार निव्वळ लिनक्सच्या प्रेमापोटी झाला असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही एखादी सोय यंत्रात असणे आणि ती वापरल्याशिवाय यंत्र न चालणे या भिन्न गोष्टी आहेत. क्रिप्टोचे पाकीट न उघडता, कोणतेही टोकन न घेता तुमचे आधीचे गेम नीट चालत असतील, तर त्या संबंधाने तुमचे काही बिघडत नाही. प्रणालीचा मुख्य पडदाच त्या व्यवहारांकडे ढकलू लागला, तर ती माझ्या उपयोगाची नाही.

कंपनी बंद पडण्याबद्दल सायनोजेनचाच इतिहास पाहावा. त्या कंपनीने २०१६ च्या अखेरीस आपल्या सेवा आणि अपडेट थांबवले. फोन निकामी झाले नाहीत, कारण मूळ कोड मुक्त होता आणि त्याच समाजाने तो लिनेज ओएस या नावाने पुढे नेला. हँडहेल्डच्या बाबतीत परिस्थिती आणखी बरी आहे, कारण ही यंत्रे साध्या पीसीसारखी असतात आणि त्यांवर विंडोज, बॅझाइट किंवा दुसरे काही बसवता येते. अट एकच, की त्या यंत्राची बटणे, वीजमर्यादा आणि झोप सांभाळणारे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये पोहोचलेले असावेत. कंपनीने ते कर्नलच्या स्वतःच्या वेगळ्या प्रतीतच ठेवले असतील, तर ते तिच्याबरोबरच जुने होत जातात.

मला अधिक काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. स्टोअर-निरपेक्ष प्रणाली विकणाऱ्या कंपनीला दोन्ही बाजूंनी जागा कमी होत चालली आहे. मे २०२५ मध्ये लेनोव्होच्या लीजन गो एसच्या रूपाने व्हॉल्व्हबाहेरचे पहिले स्टीम ओएस हँडहेल्ड अधिकृतपणे विक्रीला आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या आरओजी एक्सबॉक्स अलायवर मायक्रोसॉफ्टने विंडोजला पूर्ण पडद्याचे, कंट्रोलरने चालवता येणारे रूप दिले आणि दुसऱ्या स्टोअरमधले गेमही त्या एकाच यादीत दाखवले. एकीकडे फुकट मिळणारी आणि पक्की झालेली स्टीम ओएस, दुसरीकडे सर्व अँटी-चीट चालवणारी विंडोज, आणि तिसरीकडे बॅझाइटसारखे स्वयंसेवकांचे प्रकल्प. या तिघांच्या मध्ये कंपनीला स्वतःचे पोट भरायचे आहे. प्रकाशकाच्या गुंतवणुकीने तिला काही वर्षांचा अवकाश मिळतो आणि तो मिळावा अशीच माझी इच्छा आहे, कारण स्टोअरची मालकी नसलेला एक तरी पर्याय या क्षेत्रात हवा.

वहीखाते

जुनेवळण यांच्या शेवटच्या परिच्छेदाला एक जोड देतो. यंत्र बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांनाही अशा प्रणालीची गरज असते. विंडोजसाठी परवाना लागतो, आणि स्टीम ओएस अधिकृतपणे द्यायची तर व्हॉल्व्हशी जुळवून घ्यावे लागते. ज्यांना यातले काहीही जमत नाही त्यांना तिसरा पुरवठादार उपयोगी पडतो. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचे उत्पन्न तिथून येण्याची शक्यता मला अधिक दिसते. प्रकाशकाकडून ते एकदाच येते.

व्हल्कनमार्ग

मूळ प्रकल्पांपर्यंत पैसा पोहोचतो का, या प्रश्नाचे माझे उत्तर अपुरे राहिले होते, ते पूर्ण करतो. गुंतवणुकीतून तो आपोआप पोहोचत नाही. व्हॉल्व्हच्या बाबतीत पोहोचला तो तिने कोडवीव्हर्स, कोलाबोरा, इगालिया यांसारख्या संस्थांतल्या आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्या विकासकांना थेट काम दिले म्हणून. सप्टेंबर २०२४ मध्ये आर्चच्या बांधणीसेवेसाठी आणि सुरक्षित स्वाक्षरीच्या व्यवस्थेसाठीही तिने मदत जाहीर केली. नव्या कंपनीने तेवढे करावे अशी अपेक्षा नाही, पण तिचे अभियंते वाइन, मेसा आणि कर्नलमध्ये स्वतःच्या नावाने बदल पाठवत आहेत का, हे कोणालाही तपासता येते, कारण या सर्व प्रकल्पांचा इतिहास खुला आहे.

सांजखेळ, आपल्या खरेदीबाबत सांगायचे तर घोषणांवरून काही ठरवू नका. तुम्ही ज्या यंत्राचा विचार करत आहात त्याचे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आहेत का हे आधी पाहा. मग तुमच्या स्टीमबाहेरच्या गेमपैकी, ज्यात चित्रित दृश्ये आहेत असा एक गेम निवडा आणि त्याच प्रणालीवर तो चालवणाऱ्या एखाद्याला दृश्ये नीट दिसतात का, हे विचारा. तुम्ही नेहमी खेळत असलेल्या ऑनलाइन गेमच्या निर्मात्याने प्रोटॉनसाठीची सोय चालू ठेवली आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या. स्टीमची ‘व्हेरिफाइड’ ही खूण स्टीममधून घेतलेल्या प्रतीसाठी आणि डेकवरच्या चाचणीसाठी असते, त्यामुळे दुसऱ्या स्टोअरमधून घेतलेल्या तुमच्या प्रतीला ती लागू होईल असे धरू नका. गेमचे नाव इथे लिहिलेत, तर या महिन्यात मी तो बॅझाइटवर हिरोइकमधून चालवून पाहीन आणि काय दिसते ते कळवीन.